मोटारीच्या केबलचा सांधा



मोटार जळाली की आपण "व्होल्टेज नव्हतं" म्हणून मोकळे होतो. कमी दाबाने मोटारी जळतात हे खोटे नाही, आणि वीज आपल्या हातची नाही. पण स्टार्टरपासून मोटारीपर्यंत केबलला जिथे जिथे सांधा आहे, ती जागा मात्र पूर्णपणे आपल्या हातातली आहे. आपल्या बीड जिल्ह्यात ऐन मे महिन्यात मोटार बाहेर काढायची वेळ आली तर रिवाइंडिंगचा खर्च एकवेळ परवडतो, पण त्या आठ-दहा दिवसांत उभा ऊस वाळतो त्याचे काय? म्हणून आज फक्त सांध्याविषयी.

पाच अश्वशक्तीची थ्री फेज मोटार साधारण सात-आठ अँपिअर वीज ओढते. सांधा घट्ट असेल तर तिथे अडथळा जवळजवळ नसतोच. नुसता पीळ मारून टेप गुंडाळला आणि पीळ सैल पडला, की अडथळा वाढतो. समजा तो अर्धा ओहम झाला. हिशेब सोपा आहे : आठ गुणिले आठ, त्याचे निम्मे, म्हणजे 32 वॅट. टेपात गुंडाळलेल्या बोटभर जागेत एवढी उष्णता कोंडली की तांबे काळे पडते, काळ्या तांब्याने अडथळा आणखी वाढतो, आणि त्याने उष्णता आणखी. शेवटी ती एक तार तुटते. मोटार मात्र थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर ती घोंघावत राहते आणि त्या दोन तारांतून जवळजवळ पावणेदोन पट वीज ओढते. यालाच सिंगल फेजिंग म्हणतात. ते अडविणारे यंत्र पेटीत नसेल, किंवा ऊठसूट ट्रिप होते म्हणून कोणी काढून टाकले असेल, तर वाइंडिंग गेलेच समजा. मग नाव होते व्होल्टेजचे!

आपल्याकडे सांध्याला शत्रूही पुष्कळ. उन्हात काळ्या टेपचा डिंक वितळतो, मग पावसाळ्यात आत ओल शिरते. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पुरलेली केबल ताणली जाते. ताण सगळा सांध्यावर येतो. म्हणून जमिनीत शक्यतो सांधा ठेवूच नये, आणि केबल थोडी सैल, नागमोडी टाकावी. उंदरांचे सांगायलाच नको. आणखी एक गोष्ट बरेच जण करतात : मोटारघरातच युरियाची पोती रचतात. ओल धरलेल्या युरियातून अमोनिया सुटतो आणि तांब्या-पितळेला खातो. पितळी भांड्याला कळंक चढतो तसा हिरवा थर स्टार्टरच्या टर्मिनलवर दिसला, तर आधी पोती हलवा.

तांब्याची तार अॅल्युमिनियमच्या तारेला थेट पिळणे हीही वाईट खोड. ओल लागली की दोन धातूंत अॅल्युमिनियम झिजते, पांढरी भुकटी जमते. दोन्ही धातूंसाठी बनविलेला लगच वापरावा. खांबावरच्या तारेला मात्र आपण हात लावायचा नाही. ते काम लाइनमनचे.

आता पाण्याखालचा सांधा. हल्ली दुकानात "वॉटरप्रूफ" कनेक्टर मिळतात आणि त्यावर आयपी 67 असे लिहिलेले असते. यातला पहिला अंक धुळीचा. सहा म्हणजे धूळ अजिबात शिरत नाही. दुसरा पाण्याचा. सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते, एवढेच. बांधावरच्या पेटीला हे उत्तम. पण बोअरमध्ये सांधा पाण्याच्या पातळीखाली 60 मीटर असेल, तर तिथे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 6 किलोचा दाब असतो, आणि तोही रात्रंदिवस. तिथे हा कनेक्टर चालणार नाही.

बोअरसाठी रीत जुनीच आहे. तिन्ही तारा कमी-जास्त लांबीच्या कापाव्यात, म्हणजे तिन्ही सांधे एकमेकांसमोर येत नाहीत. तार दातांनी सोलू नये. चार धागे तुटले की तेवढी तार बारीक झाली. प्रत्येक तारेवर तांब्याची नळी घालून ती हत्याराने दाबावी, पक्कड-हातोडीने नव्हे. त्यावर रबर टेप ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर येईल असा गुंडाळावा आणि वरून पीव्हीसी टेप. नंतर सांधा बादलीभर पाण्यात रात्रभर बुडवून ठेवून वायरमनकडून मेगर लावून घ्यावा. मोटार खाली सोडल्यावर चूक कळली तर पाइप पुन्हा वर ओढायला चार माणसे लागतात. मी स्वतः एकदा घाईत बादलीची पायरी गाळली होती. तिसऱ्या आठवड्यात सगळे पाइप वर काढावे लागले, तेव्हापासून गाळत नाही.

"मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेतून ज्यांनी पंप घेतले आहेत, त्यांनी पॅनेलखालचे काळे जोड पाहून ठेवावेत. त्यांना एमसी-फोर म्हणतात. मल्टी-कॉन्टॅक्ट या स्विस कंपनीच्या नावातली अक्षरे आणि चार मिलिमीटरची पिन, असे ते नाव. टक् आवाज येईपर्यंत जोड बसला पाहिजे. एका कंपनीचा नर आणि दुसरीची मादी जोडू नये. वरून बसल्यासारखे दिसते, आत तापते. आणि पंप चालू असताना हा जोड कधीही ओढू नये. घरची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून ठिणगी विझते. पॅनेलची वीज एकसारखी वाहते, ठिणगीची ज्योत होते आणि ती हात भाजते. ऊन आहे तोवर पॅनेल बंद होत नाही, म्हणून आधी कंट्रोलर व त्याचा स्विच बंद करावा.

लाइनच्या मोटारीवर याहून मोठा धोका ऑटो स्विचचा. वीज गेली आहे म्हणून माणूस ओल्या पायांनी सांधा करायला बसतो आणि अर्ध्या तासात वीज येते. ऑटो असल्याने मोटार आपली आपण सुरू होते, सांधा हातात असतानाच. तेव्हा वीज असो वा नसो, आधी मेन स्विच पाडावा, फ्यूजची किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवावी, पायांत रबरी चप्पल घालावी, मगच केबलला हात लावावा. पोरांना विहिरीवर पाठवताना हे आधी सांगून पाठवा.