बाहेर आलेली लेन्स आत का जाईना?

प्रश्न : आमच्याकडे २०१० च्या सुमाराचा, खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा आहे. मुलीला हल्ली त्याचंच वेड. संक्रांतीला तो ग्वारीघाटावर नेला. घरी आल्यावर पाहतो तर लेन्स अर्धवट बाहेर आणि पडद्यावर ‘लेन्स एरर’. शेजारी म्हणतात, तळहातावर दोनदा आपटा, सुटेल. आपटू का? आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याला हा रोग का जडत नाही?
— एक वाचक, घमापूर, जबलपूर

उत्तर : आपटू नका. शेजाऱ्यांचं म्हणणं अगदीच खोटं आहे असं नाही. हादऱ्याने कधी कधी अडकलेला कण सरकतो आणि लेन्स सुटतेही. पण त्याच हादऱ्याने आणखी काहीतरी जागचं हलू शकतं, म्हणून हा उपाय अगदी शेवटचा.

या लेन्सच्या नळ्या एकात एक बसणाऱ्या डब्यांसारख्या असतात. एका नळीला आतून तिरक्या खाचा, दुसरीवर बारीक पिना. छोटी मोटर दातेरी चाकांकरवी कडं फिरवते, पिना खाचांतून सरकतात आणि नळी पुढे येते. ती कुठवर आली हे कॅमेरा आतल्या संवेदकांवरून ओळखतो. ठरल्या वेळात जागेवर पोचली नाही, की मोटर थांबवून तो तक्रार करतो. कॅननच्या जुन्या पॉवरशॉट कॅमेऱ्यांवर हीच तक्रार ‘ई१८’ अशी झळकायची. म्हणजे पडदा एवढंच सांगतो की लेन्स पोचली नाही. का पोचली नाही, ते आपण शोधायचं.

घाटावर जाऊन आलात म्हटल्यावर पहिला संशय वाळूवर. वाळूतले गारगोटीचे कण प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी कठीण. दोन नळ्यांच्या फटीत एक जरी बसला तरी एवढीशी मोटर हार मानते. दुसरा संशय बॅटरीवर. इतक्या वर्षांची बॅटरी पडद्यापुरती वीज देते, मोटरला जोर लागला की मान टाकते.

तेव्हा आधी बॅटरी काढून थोडा वेळ तशीच ठेवा, पूर्ण चार्ज करा, जमल्यास दुसरी घालून पाहा. मग लेन्स जमिनीकडे करून धरा आणि रबरी फुग्याच्या ब्लोअरने फटीत चहूबाजूंनी हवा मारा. तोंडाने फुंकू नका, ओल जाते. कागदाची पातळ पट्टी फटीतून अलगद फिरवा, खोल खुपसू नका. त्यानंतर लेन्स खालीच ठेवून कॅमेरा सुरू करा. घरघर ऐकू आली तर मोटर जिवंत आहे. नळी एका बाजूला कललेली दिसली, तर पिन खाचेतून सुटली असावी. वर आलेल्या बाजूवर अंगठ्याने हलका दाब द्या. जोर लावून पूर्ण आत ढकललीत, तर दाते तुटतील. तेल तर मुळीच नको, ते पसरत काचांवर जातं.

आणि उघडू नका. घरात स्क्रू ड्रायव्हर हाताशी असला की मोह होतो, पण फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असतात आणि बॅटरी काढल्यावरही ते बराच वेळ टिकतात.

आता मोबाइल. त्यात बाहेर येणारी नळीच नसते. फोकससाठी भिंगं मिलिमीटरच्या अंशाने हलतात आणि जवळचं-लांबचं साधायला बहुधा वेगवेगळ्या लेन्स असतात. नळी बाहेर न काढण्याची युक्ती कॅमेरेवाल्यांनाही सुचली होती. मिनोल्टाने २००२ मध्ये ‘डायमाज एक्स’ काढला, त्यात प्रकाश काटकोनात वळवून झूमची सगळी हालचाल कॅमेऱ्याच्या पोटातच ठेवली होती. बाहेर काही येतच नव्हतं, मग वाळूला चिमटीत धरायला काय मिळणार? तरी बाजारात मोठा वाटा सोंडवाल्या कॅमेऱ्यांचाच राहिला.

वरचे उपाय करूनही तुमच्या कॅमेऱ्याची लेन्स हलली नाही, तर दुरुस्तीवाला बहुधा पूर्ण लेन्सच बदलायला सांगेल. जुन्या मॉडेलचे सुटे भाग मिळणं कठीण, त्यामुळे त्याच मॉडेलचा दुसरा जुना कॅमेरा स्वस्त पडतो का, ते आधी विचारा. संक्रांतीचे फोटो कार्डावर असतील. कार्ड काढून रीडरला लावा. पुष्कळ कॅमेऱ्यांत फोटो पाहण्याचं त्रिकोणी बटण दाबून धरलं, तर लेन्स न हलवताही पडदा सुरू होतो.