एसएमपीएस उघडून बसलेला मुलगा

हैदराबादच्या चिक्कडपल्लीत दहावीतल्या मुलाचे आईवडील घराबाहेर पडले की पावलोपावली क्लासची पाटी. शेजारच्या अशोकनगरात ग्रुप-वन परीक्षेची तयारी करणाऱ्यांची गर्दी, सिटी सेंट्रल लायब्ररीत सकाळपासून जागा धरून बसलेली मुलं. अशात आपले चिरंजीव बंद कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, मांडीवर घेऊन बसले, की पोटात गोळा येणारच. हा काय रिपेअरिंगचं दुकान टाकणार?

आईच्या ओरडण्यात एक गोष्ट शंभर टक्के बरोबर आहे: प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतका व्होल्टेज शिल्लक असू शकतो. जाणकार शेजारी नसेल तर डबा उघडायचा नाही. पण आत बघण्यासारखं खूप आहे. भिंतीतले २३० व्होल्ट फ्यूज आणि फिल्टरमधून येतात, ब्रिज रेक्टिफायर त्यांचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी करतो. मॉसफेट नावाचे स्विच ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. या वेगामुळेच मुठीत मावणारा ट्रान्सफॉर्मर शेकडो वॅट पेलतो. ५० हर्ट्झवर तो काही किलोंचा झाला असता. शेवटी मिळतात १२, ५ आणि ३.३ व्होल्ट. माझा लाडका पार्ट मात्र चिमुकला ऑप्टोकपलर. बाहेरचा व्होल्टेज हलला की तो ही खबर प्रकाशाने मागे पोचवतो. मध्ये तार ठेवली तर मेन्सचा करंट थेट आपल्या हातापर्यंत यायचा!

हीच विद्या ईव्ही चार्जरमध्ये, सोलर इन्व्हर्टरमध्ये आणि रेल्वे इंजिनात लागते. हैदराबादेत ईसीआयएल १९६७पासून आहे, मेधा सर्वो ड्राइव्हज रेल्वेसाठी इलेक्ट्रॉनिक्स बनवते.

मुलाला एकच प्रश्न विचारा: ट्रान्सफॉर्मर एवढा छोटा का? उत्तर यायलाच हवं असं नाही. तो शोधत बसला, तर पॉलिसेट ही प्रवेश परीक्षा देऊन पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करू द्या. पुढे ईसेट परीक्षेतून इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पार्ट बदलून मशीन चालू करण्यातच मजा वाटत असेल, तर आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा कोर्स बरा. त्यात कमीपणा कसला? चार आठवड्यांत ‘चिप-लेव्हल’ रिपेअरिंग शिकवणाऱ्यांना मात्र आधी पैसे देऊ नका.

डिप्लोमा घेताना मुलाला पॉवरची ओढ असेल तर ईईई (इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स), सर्किट डिझाइनची असेल तर ईसीई (इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन) शाखा निवडा. आणि कॉलेज बघायला गेलात तर इमारत नंतर बघा. लॅबमध्ये किती मुलांमागे एक ऑसिलोस्कोप आहे, ते आधी विचारा.