आकडा कळावा, माणूस कळू नये

प्रश्न : आमच्याकडे आरोग्य शिबिर असो की कसली नोंदणी, आधारची झेरॉक्स, मोबाइल नंबर, आजार, सगळं लिहून घेतात. ही माहिती सुरक्षित राहावी म्हणून सरकार संशोधनावर काही खर्च करतं का?
– एक वाचक, राजूर (ता. वणी, जि. यवतमाळ)

उत्तर : करतं. मार्च २०२४ मध्ये केंद्राने १०,३७२ कोटींच्या ‘इंडियाएआय’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोहिमेला मंजुरी दिली. तिच्यातून निवडलेल्या प्रकल्पांपैकी खासगीपण जपण्याच्या तंत्राचा एक आयआयटी दिल्ली आणि सहकारी संस्थांकडे आहे.

पण माहिती वापरायचीही आणि झाकायचीही, हे जमतं कसं? समजा, राजूरच्या चुनाभट्ट्यांवरच्या हजार कामगारांना विचारायचंय, ‘तुम्हाला दम्याचा त्रास आहे का?’ काम जाईल या धास्तीने खरं कोण बोलणार? म्हणून प्रत्येकाने आडोशाला नाणं उडवायचं. छापा पडला तर डोळे मिटून ‘हो’ म्हणायचं, काटा पडला तर खरं सांगायचं. सहाशे जण ‘हो’ म्हणाले, तर त्यातले सुमारे पाचशे छाप्याचे. उरलेले शंभर हे काटा पडलेल्या पाचशेंपैकी, म्हणजे शंभरात वीस जणांना त्रास आहे. औषधं किती लागतील ते कळलं, पण अमक्याचं ‘हो’ खरं की नाण्याचं, हे मुकादमाला कधीच कळणार नाही. संख्याशास्त्रज्ञ स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ साली सुचवलेल्या युक्तीचं हे सोपं रूप. २००६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी अशा विचाराला पक्की गणिती बैठक दिली. अमेरिकेने २०२० च्या जनगणनेचे आकडे जाहीर करताना तीच वापरली.

अशा संशोधनाचा पैसा सरकारनेच घालायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. ज्या कंपन्यांची कमाईच आपल्या माहितीवर चालते, त्या ती कमी गोळा करण्याच्या शोधावर आपणहून किती खर्च करतील? आणि हे तंत्र आधी भट्टी-खाणीवरच्या माणसाच्या कामी यावं. आजार उघड झाला तर रोजी त्याचीच जाते.

शिबिराच्या टेबलावर पडलेल्या झेरॉक्सला मात्र हे गणित पुरत नाही. कागदावरची माहिती संगणकात चढली की २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा तिच्यासाठीही आहे. झेरॉक्ससाठी मात्र आधार देणाऱ्या युआयडीएआयच्या संकेतस्थळावरून ‘मास्क्ड आधार’ काढून ठेवा. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. चालत असेल तिथे तेच द्या.