बुडबुड्यांवर जाऊ नकोस

सांगली,
१८ जानेवारी

चि. बाळ्या,

तिकडे लीड्सच्या थंडीत तू बादलीत बिअर लावून बसलायस आणि तिसऱ्या दिवशी बुडबुडे थांबले म्हणून रात्री अकराला मामाला उठवतोस, याचं आधी हसूच आलं. पण माझी सगळी नोकरी डिस्टिलरीत मळी आंबवण्यात गेली, तेव्हा विचारलंस ते बरं केलंस. साताऱ्याला ताईला यातलं काही कळवलेलं नाही.

पहिलं म्हणजे बुडबुडे मोजणं सोड. झाकण जरा सैल असलं की वायू कडेनं निघून जातो, बुडबुडे दाखवणाऱ्या एअरलॉकला पत्ताही लागत नाही. पहिल्या हंगामात मीही फेस बसला म्हणून ‘टाकी झाली’ असं सांगून मोकळा झालो होतो. वॉशमध्ये, म्हणजे आंबणाऱ्या मळीत, निम्मी साखर तशीच होती. साहेब रागावले नाहीत, नुसता हायड्रोमीटर हातात दिला.

तोच तू काढ. नळीत सोडल्यावर त्याला दोन बोटांनी गिरकी दे, नाहीतर चिकटलेले बुडबुडे त्याला वर उचलून धरतात आणि आकडा खोटा येतो. सुरुवातीला घनता १.०४० च्या आसपास असेल, म्हणजे आमच्या साखरेच्या मापानं दहा ब्रिक्स. आजचा आकडा लिहून ठेव, दोन दिवसांनी पुन्हा बघ. उतरत असेल तर हात लावू नकोस. १.०१० च्या जवळ येऊन दोन-तीन दिवस हलला नाही, तर काम झालं. १.०२० लाच अडला तर मात्र बाटल्या अजिबात भरू नकोस. उरलेली साखर यीस्ट बाटलीत खाणार, वायूला वाट नाही, मग काच फुटते. यात चेष्टा नाही.

अडलं असेल तर मला थंडीचाच संशय आहे. आमचं दुखणं उलटं होतं. मळी आंबताना इतकी तापायची की वॉश ३२-३३ अंशांवर धरायला सतत गार पाणी फिरवावं लागे. तुझ्या पाकिटातल्या एल यीस्टला १८ ते २२ अंश पुरतात, पण रात्री हीटर बंद केलास की तेवढेही मिळत नसणार. आजी थंडीत विरजणाचं पातेलं तांदळाच्या डब्यात ठेवायची, आठवतं? तसंच बादली फरशीवरून उचलून फळीवर ठेव, भोवती गोधडी गुंडाळ. जंतुनाशकात बुडवलेल्या चमच्यानं तळाचा गाळ हलकेच वर आण. घुसळू मात्र नकोस. हवा हवी ती यीस्ट टाकण्याआधी, आता गेली तर चव बिघडेल. आणि यीस्ट टाकताना पाणी कढत होतं का, तेही खरं सांग. चाळीस अंशांच्या वर यीस्ट मरायला लागतं. तसं झालं असेल तर नवं पाकीट आणण्यावाचून इलाज नाही.

व्हिनेगरसारखा वास आला तर सरळ ओतून दे. १८५६ मध्ये फ्रान्सच्या लील गावी बीटापासून मद्यार्क काढणाऱ्या एकाच्या टाक्या अशाच आंबट पडल्या, तेव्हा त्यानं पाश्चरला बोलावलं. सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टऐवजी दुसरेच जंतू निघाले. त्यांना औषध नाही. पुढच्या वेळी बादली, नळी, चमचा सगळं नीट निर्जंतुक कर, एवढंच.

इंग्लंडात घरच्या बिअरला १९६३ पासून परवाना लागत नाही. इथे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, तेव्हा दिवाळीला येताना ते बिअरचं किट तिकडेच ठेवून ये.

परवाचा आकडा कळव.

तुझा,
मामा