विरजणातले जिवाणू आणि आतड्यातील पहारा

आतड्याच्या आतील अस्तर पेशींच्या एकाच थराचे असून त्याच्या लगोलग खाली शरीरातील प्रतिकार पेशींचा मोठा वाटा वसलेला असतो. त्यामुळे रोज पोटात जाणाऱ्या असंख्य जिवाणूंपैकी कोणावर तुटून पडायचे आणि कोणाला राहू द्यायचे, हा निवाडा या पेशींना अखंड करावा लागतो. सतत चेतलेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्याला सूज आणते, म्हणून ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ अशी प्रोबायोटिकची जाहिरात अपुरी आणि काहीशी दिशाभूल करणारी आहे.

पुरेशा संख्येने घेतल्यास आरोग्याला हितकारक ठरणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. फांद्यांसारखे तंतू पसरणाऱ्या डेंड्रायटिक पेशी या जिवाणूंच्या आवरणाची ओळख पटवून ती टी-पेशींपर्यंत पोहोचवतात. काही वाणांच्या बाबतीत त्यातून दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशी आणि इंटरल्युकिन-१० हे शामक प्रथिन वाढते, तर बी-पेशी आतड्यात पाझरणारी आयजीए प्रतिपिंडे अधिक तयार करतात.

ओडिशातील ४,५५६ नवजात बालकांवरील, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लॅक्टोबॅसिलस प्लांटारमचा एक ठरावीक वाण फ्रुक्टोऑलिगोसॅकराइड या शर्करेसह सात दिवस दिल्यावर जंतुदोष किंवा मृत्यूचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले, आणि विशेष म्हणजे श्वसनमार्गाचे संसर्गही घटले. हा गुण मात्र त्या वाणाचा होता. तो दुसऱ्या पाकिटाला आपोआप लागू होत नाही.

बऱ्हाणपूरजवळच्या इच्छापुरात घरोघरी लागणाऱ्या विरजणातील वाण कोणते व किती, हे मोजलेले नसते, तरीही ताजे दही-ताक हा उत्तम आहार आहे. कढी उकळली की त्यातील बहुतेक जिवाणू मरतात, तेव्हा जिवंत जिवाणू हवे असतील तर ताक न तापवता प्यावे. बऱ्हाणपूर परिसरात मुबलक पिकणाऱ्या केळीचाही येथे उपयोग आहे, कारण कच्च्या केळ्यातील न पचणारा स्टार्च मोठ्या आतड्यातील जिवाणूंचे खाद्य होतो आणि त्यातून बनणारे ब्युटिरेट हे आम्ल अस्तराच्या पेशींना ऊर्जा पुरवते, नियामक टी-पेशींनाही बळ देते. शिजवून गार झालेल्या भाजीतही या स्टार्चचा काही भाग टिकतो.

बाळाला पहिले सहा महिने आईचेच दूध द्यावे, ओडिशाची चाचणी वाचून घरच्या घरी दही चाटवू नये. अपुऱ्या दिवसांचे बाळ, केमोथेरपी घेणारा रुग्ण किंवा मोठ्या शिरेत नळी बसवलेला रुग्ण यांच्यात हेच जिवाणू क्वचित रक्तात शिरून गंभीर संसर्ग करतात, म्हणून त्यांना प्रोबायोटिकची पुडी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मुळीच देऊ नये.