नायिकेला मारू नका

पोरींनो, छातीच्या कॅन्सरचं नाटक घेऊन तुम्ही आता भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदच्या गावांतून निघालात. या वाटेनं मी कलापथकाबरोबर बरीच वर्षं चालले. आता पाय थकलेत. जे चुका करत शिकले ते तुमच्या कानावर घालते.

सगळ्यांत आधी, नायिकेला मारू नका. आमच्या पहिल्या नाटकात ती शेवटी मरायची. अख्खं पटांगण रडलं. आम्हाला वाटलं, काम झालं. दुसऱ्या दिवशी तपासणीला एकही बाई फिरकली नाही. एका आजीला विचारलं, तर म्हणाली, "मरायचंच हाय तर आधी कळून काय करायचं, बाई?" त्याच रात्री कंदिलाच्या उजेडात शेवट बदलला. आता आमची नायिका गाठ लहान असतानाच दवाखाना गाठते, उपचार पुरा करते आणि पुढच्या येळवशीच्या सणाला डोक्यावर आंबिलाचं मडकं घेऊन शेतात जाते. लवकर सापडलेला हा आजार बरा होऊ शकतो. हे बायांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

सासूला खलनायिका करू नका. खऱ्या सासवा पुढच्याच रांगेत बसलेल्या असतात. त्यांचा अपमान झाला की त्या सुनेला उठवून घरी नेतात. नाटकातल्या सासूला म्हणू द्या, "चल, मी येते संगं." आणि तिलाही तपासून घेऊ द्या, कारण वय वाढतं तसा धोका वाढतो. टाटा रुग्णालयानं 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांत 35 ते 64 वयाच्या बायांची दर दोन वर्षांनी तपासणी केली. यंत्र नव्हतं, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांचे हात होते. 2021 साली निष्कर्ष छापून आले. पन्नाशीपुढच्या बायांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले होते. सासवांना हे आवर्जून सांगा.

भाषा घरातली ठेवा. 1956 साली बिदर जिल्हा विभागला, उदगीर-निलंगा राज्याच्या सीमेपलीकडं गेले, पण सोयरिकी थांबल्या नाहीत. सासू कन्नड बोलेल, सून मराठी, बांगडीवाली दखनी. कुणाचं भाषांतर करू नका, बायांना तिन्ही कळतात. 'स्तन' हा शब्द ओठांवर येत नाही. बाई म्हणते 'छातीत गाठ', कन्नड घरात 'एद्याग गंटु'. तेच म्हणा. लाज मोडली की मग डॉक्टरचा शब्द शिकवा.

पालुपद एकच ठेवा: "दुखत नाही? मग आधी दाखव!" ही गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून बाई ती पदराखाली ठेवून कामाला लागते. काखेतली गाठ, आत ओढलं गेलेलं बोंड, त्यातून येणारं रक्त, संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी, या खुणाही गाण्यात गुंफा. पण घाबरवू नका. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. ते ठरवायचं काम मात्र डॉक्टरचं.

हात कसा फिरवायचा ते पिठानं शिकवा. कणकेच्या गोळ्यात तुरीचा दाणा लपवा आणि गोळा बायांमध्ये फिरवा. मधली तीन बोटं, त्यांचा मऊ भाग, गोल गोल, आधी हलकं मग दाबून. दाणा सापडला की बाईचा चेहराच बोलतो. पाळी संपल्यावर चार दिवसांनी हात फिरवावा. पाळी गेलेल्यांनी महिन्याची अमावस्या धरावी, ती विसरत नाही. मात्र एवढ्यावर थांबायचं नाही. तीस वर्षांपुढच्या बाईनं सरकारी आरोग्य केंद्रात शिकलेल्या हातांकडून तपासून घ्यावं.

प्रयोगाची वेळ बायांना विचारून ठरवा. या रोगाच्या जागृतीचा महिना ऑक्टोबर, पण तेव्हा आपल्याकडं सोयाबीनची काढणी चालते, बाया रानात असतात. बचत गटाची बैठक, पंचमीचा फेर, हळदीकुंकू, रात्रीची भांडी आवरल्यावरचा तास, असे वेळ साधा. पिठाचा धडा अंगणात, फक्त बायांत करा. पारावर पुरुषांसाठी वेगळा प्रयोग लावा. त्यात नवरा गाडीभाडं काढतो, घरी भाकरी थापतो. दवाखान्याचा निर्णय बऱ्याच घरांत अजून त्याच्याच हातात आहे.

भीतीला नाटकातच उत्तर द्या. सुई लावून तपासलं म्हणून रोग पसरत नाही. हा रोग शिवल्यानं होत नाही, ताट-वाटी वेगळी करायची नाही. प्रत्येक वेळी अख्खी छाती काढावी लागते असंही नाही. गावातल्या कुणाही बाईची खरी कहाणी मात्र वेशीवर टांगू नका. नाव झाकलं तरी गाव ओळखतं.

आशाताईंना वहीसकट पुढं बसवा. पडदा पडायच्या आत उद्याची जागा आणि वेळ ठरली पाहिजे. पुढचा रस्ताही सांगा: बिदरचं जिल्हा रुग्णालय, कलबुर्गीतलं किदवई संस्थेचं केंद्र, सीमेपलीकडं बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय. रेशन कार्ड, आधार कार्ड बरोबर घ्यायला सांगा आणि सरकारी योजना कुठं लागते ते आधी विचारून ठेवा.

टाळ्या मोजू नका. दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्राच्या दारात किती चपला आहेत, ते मोजा. आणि जिच्या हाताला गाठ लागली, तिला एकटी पाठवू नका. तिच्यासोबत एसटीत बसा, अहवाल हातात येईपर्यंत बाकावर थांबा. एवढं कराल, तरच नाटक करा.