परिषदेचा चेहरा घडविणारे शिक्षण

दहावी-बारावीचे निकाल जाहीर झाले, की दरवर्षी त्याच धास्तीने, आणि जवळजवळ त्याच शब्दांत, पालक विचारू लागतात: मुलीला अक्षरे रेखाटण्याची, रंग जुळविण्याची ओढ आहे, परंतु गुण चांगले असल्यामुळे संगणक अभियांत्रिकीला प्रवेश मिळण्यासारखा आहे, तेव्हा कला छंद म्हणून ठेवली तर चालेल ना? माझे उत्तर 'चालणार नाही' असे आहे, आणि ते ऐकून दुखावणाऱ्या पालकांची क्षमा न मागता त्यामागील कारणे येथे मांडतो.

संगणक शाखेशी माझे वैर नाही. ज्याला गणिताची व तर्काची गोडी आहे त्याने त्या वाटेने खुशाल जावे. परंतु शेजाऱ्यांच्या चिरंजीवांना मिळालेले पॅकेज हा आपल्या कन्येच्या वृत्तीचा पुरावा नव्हे, आणि 'सगळे तिकडेच जातात' ही सबब बाजारात गर्दी किती आहे एवढेच सांगते.

ग्राफिक डिझाइनच्या ज्या विद्येकडे आपण छंद म्हणून पाहतो, तिचे काम कसे असते हे एकदा जवळून पाहावे. समजा, शल्यचिकित्सकांची तीन दिवसांची राष्ट्रीय परिषद पुण्यात भरणार आहे. तिचे बोधचिन्ह सिद्ध झाले म्हणजे काम संपले, असा कार्यवाहांचा समज असतो. वस्तुतः ते तेथून सुरू होते. निमंत्रणपत्रिका ऑफसेटवर, स्वागताची कमान फ्लेक्सवर, नोंदणीचे पान संगणकाच्या पडद्यावर, प्रमाणपत्र जाड कागदावर आणि दिशादर्शक फलक मंडपवाल्याच्या हातून, अशा नाना ठिकाणी नाना माणसे जे करणार, ते सारे एकाच परिषदेचे आहे असे पाहणाऱ्याला क्षणात पटावे, यासाठी अक्षरवळण, रंग, मोकळी जागा आणि बोधचिन्हाचे स्थान यांविषयीचा नियमांचा मसुदा आधी तयार करावा लागतो आणि तो प्रत्येकाकडून पाळून घ्यावा लागतो.

प्रतिनिधीच्या गळ्यातील बिल्ला घ्या. त्यावर संस्थेचे चिन्ह ठसठशीत आणि डॉक्टरांचे नाव मुंगीएवढे छापले, तर समोर उभ्या असलेल्या माणसाला ते वाचता येत नाही, म्हणजे बिल्ल्याचे प्रयोजनच बुडाले. शिवाय पट्टीला एकच कडी असली की बिल्ला हटकून उलटा फिरतो, म्हणून नाव दोन्ही बाजूंना हवे. व्यासपीठामागील बॅकड्रॉपवर परिषदेचे नाव खाली घेतले, तर वक्ते खुर्च्यांवर बसताच ते त्यांच्या डोक्यांमागे जाते आणि छायाचित्रांत प्रायोजकांची नावे तेवढी झळकतात. संगणकावर झळाळणारा निळा रंग छपाईत जांभळट उतरतो, म्हणून नमुना कागदावर छापून त्याची खातरजमा करावी लागते. इंग्रजीसाठी आखलेल्या ओळींत मराठी मजकूर कोंबला, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. देवनागरीला वरखाली अधिक जागा लागते, हे ज्याला शिकविलेले नाही तो महागड्या सॉफ्टवेअरवरही हीच चूक करतो.

१९७२ सालच्या म्युनिक ऑलिंपिकचे उदाहरण या विद्येचे शिक्षक नेहमी देतात, आणि ते यथार्थ आहे. त्या ऑलिंपिकचे दृश्यरूप घडविणारे अभिकल्पक (डिझायनर) ओट्ल आयखर यांच्यापुढे प्रश्न केवळ सौंदर्याचा नव्हता; १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकवरील नाझी राजवटीची छाया जगाच्या स्मरणात असताना नवी जर्मनी सौम्य व मोकळी कशी दिसावी, हा होता. म्हणून त्यांनी तांबड्या-काळ्या रंगांना फाटा देऊन फिकट निळा, हिरवा, नारिंगी असे प्रसन्न रंग निवडले, 'युनिव्हर्स' ही एकच अक्षरमालिका योजिली आणि खेळांची चिन्हे मोजक्या कोनांच्या जाळीवर आखून भित्तिपत्रकांपासून कर्मचाऱ्यांच्या गणवेशांपर्यंत एकच शिस्त चालविली. ज्याला इतिहास, मानवी वर्तन आणि छपाई या तिन्हींची जाण नाही त्याला हे साधत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र मिनिटात शंभर बोधचिन्हे काढून देईल. परंतु त्यांतील एक निवडणे, त्या निवडीचे कारण समितीला पटविणे आणि आदल्या रात्री मंडपवाल्याकडून फलक बदलून घेणे ही जबाबदारी माणसाच्याच गळ्यात राहते.

या वाटेवरील प्रवेशाच्या मुदतींविषयी मात्र आपल्याकडे अक्षम्य बेफिकिरी आहे. मुंबई आयआयटीने १९६९ साली स्थापन केलेले औद्योगिक अभिकल्प केंद्र, जेथे र. कृ. जोशींसारख्या अक्षरतज्ज्ञाने अध्यापन केले, किंवा अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था यांच्या पदवी प्रवेशपरीक्षांचे अर्ज बारावीचे वर्ष चालू असतानाच भरावे लागतात. निकालानंतर जागे होणाऱ्यांना ते दार बंद झालेले दिसते. सर जे. जे. उपयोजित कला संस्थेची परंपरा मुंबईत आहे. नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कला महाविद्यालये आहेत. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा आपण दहावीच्या वाढीव गुणांपुरत्या देववितो आणि प्रमाणपत्र हाती पडताच रंगपेटी माळ्यावर टाकतो, हा खरा दोष आहे.

'आधी अभियांत्रिकी कर, मग तीन महिन्यांचा ग्राफिक्सचा कोर्स लावून देऊ' ही पालकांची आवडती तडजोड तर मला सर्वांत घातक वाटते. त्या कोर्समध्ये हत्यार कसे चालवावे ते कळते. काय घडवावे आणि का, हे समजायला चार वर्षे शिक्षकांपुढे कामे मांडून ती नापास करून घ्यावी लागतात. आरंभीचा पगार बेताचाच असतो, हेही लपवीत नाही. ज्यांना पहिल्याच वर्षी कर्जाचे हप्ते फेडायचे आहेत त्यांनी तो हिशेब आधी मांडावा.

तरीही निर्णय होत नसेल, तर मुलीला शाळेच्या स्नेहसंमेलनाचे काम मागून घेऊ द्या: निमंत्रण, प्रवेशपत्रिका, फलक, स्वयंसेवकांचे बिल्ले आणि बक्षिसांची प्रमाणपत्रे, सर्व एका नियमात. दुसऱ्या वस्तूनंतर ती कंटाळली, तर छंद म्हणून ठेवा. छापखान्यात जाऊन रंग चुकला म्हणून ती वाद घालून आली, तर संगणक शाखेचा अर्ज भरू नका.